पॅरिस ते रोम: गाडी भाड्याने घ्यायची की ट्रेनने फिरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, पाच जण: नवरा-बायको, १३ आणि ९ वर्षांची मुलं, आणि ६८ वर्षांच्या आई, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. जूनमध्ये पंधरा दिवस, पॅरिसला उतरायचं, मग स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, टस्कनीतली खेडी आणि रोमहून परत. भावाने सांगितलंय की पाच जणांची ट्रेनची तिकिटं फार महाग पडतात, त्यापेक्षा पॅरिसला गाडी घ्या आणि रोमला सोडा, बॅगा डिकीत टाकल्या की काम झालं आणि आईंना चालावंही लागणार नाही. तर काय करावं?

मी जर्मनीत राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या ट्रिप आखून देणं हेच माझं काम आहे, स्वतः गाडी भरपूर चालवते, गाडी चालवायला मला आवडतंही, तरी सरळ सांगते: शहरातून शहरात ट्रेनने जा आणि गाडी फक्त टस्कनीच्या खेड्यांसाठी घ्या, तीसुद्धा फ्लॉरेन्स सोडताना घ्यायची आणि रोमच्या आधी परत करायची. भाऊ म्हणतो त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही, पण गाडीचा हिशोब करताना सगळे भाडं आणि पेट्रोल धरतात आणि गाडी उभी असते त्या वेळेचा हिशोब कोणीच करत नाही. युरोपातल्या जुन्या शहरात गाडी चालत असते तेव्हा फार महाग नसते, ती उभी असते तेव्हा महाग असते. तुमच्या प्लॅनमधल्या प्रत्येक रात्रीपुढे लिहा की आज गाडी कुठे उभी राहणार आणि त्याचे किती. पॅरिसमध्ये बेसमेंटच्या पार्किंगचे दिवसाला तीस-चाळीस युरो सहज जातात, फ्लॉरेन्स-रोमच्या मध्यभागात हॉटेलने सांगितलेल्या गॅरेजचेही साधारण तेवढेच, व्हेनिसमध्ये तर गाडी गावाच्या दारातच सोडून द्यायची. म्हणजे तीन दिवस पॅरिस बघताना गाडीला हातही लागणार नाही, भाडं चालू, पार्किंग चालू, आणि तुम्ही मेट्रोने फिरताय, तिकिटं वेगळी काढून.

त्यात गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची म्हटलं की वेगळी फी लागते, ती काही वेळा आख्ख्या भाड्याएवढी असते. ही रक्कम वेबसाइटवर पहिल्या पानावर दिसत नाही, शेवटच्या पानावर किंवा काउंटरवरच कळते. फ्रान्समध्ये घेऊन इटलीत सोडायची गाडी शोधून बघा एकदा, मग तीच गाडी पॅरिसला परत करायची असं टाकून बघा, आकड्यांतला फरक बघितला की भावाला वेगळं समजवावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, पाच जण आणि पाच मोठ्या बॅगा हे साध्या पाच सीटच्या गाडीत बसत नाही. माणसं बसतात, बॅगा बसत नाहीत. मग सात किंवा नऊ सीटची व्हॅन घ्यावी लागते, ऑटोमॅटिक हवी असेल तर भाडं अजून चढतं (इथे मॅन्युअल हेच नॉर्मल आहे, ऑटोमॅटिक मुद्दाम मागावी लागते), आणि ती व्हॅन जुन्या शहरांच्या बेसमेंट पार्किंगमध्ये शिरत नाही कारण बऱ्याच ठिकाणी उंचीची मर्यादा १.९० मीटरच्या आसपास असते. दारावर लटकणारी ती पट्टी आधी वाचायची. आत उतार सुरू झाला की मागे वळायला जागा नसते.

आता पॅरिस. इथे गाडी घेऊन फिरायचं कुठलंही कारण मला दिसत नाही. २०२१ पासून जवळजवळ आख्ख्या शहरात ३० ची स्पीड लिमिट आहे, शहराभोवतीच्या रिंग रोडवर ऑक्टोबर २०२४ पासून ५० ची, आणि नोव्हेंबर २०२४ पासून अगदी मधल्या भागातून नुसतं आरपार जायला बंदी आहे, तिथे काम असेल तरच शिरायचं. तुम्ही मोठी व्हॅन घेणार म्हणून हेही सांगते, बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना रस्त्यावर पार्किंगचा तिप्पट दर आहे, मध्यभागात तासाला १८ युरो. शहराने गाडी नको असं ठरवलंय, तर आपण तिथे भांडत बसू नये. पॅरिसमधून निघतानाही तेच. पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन गाडीने सहाशे किलोमीटरच्या वर आहे, नऊ वर्षांच्या मुलाला आणि आईंना घेऊन, जेवण आणि बाथरूमचे ब्रेक धरून तो दिवस संपला. ट्रेनने पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून बाझेलपर्यंत तीनेक तास, तिथे एकदा बदलायची, पुढे दोन तास. मुलं डब्यात चालतात-फिरतात, बाथरूम आहे, डबा उघडून जेवता येतं, आणि ज्या माणसाने गाडी चालवली असती तोही खिडकीतून बाहेर बघतो, ह्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त किंमत देते. ट्रिपमध्ये एकच जण चालवणारा असेल तर त्याची सुट्टी होतच नाही.

पॅरिसला स्टेशनं बरीच आहेत एवढं फक्त लक्षात ठेवा, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाड्या गार द लियाँवरून, लंडन-ब्रसेल्स-अॅमस्टरडॅमच्या गार द्यू नॉरवरून आणि जर्मनीच्या मुख्यतः गार द लेस्तवरून. तिकिटावर नुसतं पॅरिस बघून निघू नका, स्टेशनचं पूर्ण नाव बघा. आणि फ्रान्समध्ये दारं गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, धावत आलात तरी उघडत नाहीत.

स्वित्झर्लंडसाठी तर मी कुणालाच गाडी सुचवत नाही, पहिल्यांदा येणाऱ्यांना तर नाहीच. तिथल्या चांगल्या जागांवर गाडी जातच नाही. वेंगेन आणि म्यूरेन ही गावं गाड्यांशिवायची, गाडी लाउटरब्रुनेनच्या पार्किंग हाउसमध्ये ठेवून पुढे ट्रेन किंवा केबलवेच घ्यावा लागतो. झेरमॅटला जायचं तर गाडी टेशला सोडायची आणि शटल ट्रेनने बारा मिनिटं. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, १९१२ पासून ट्रेनच जाते, म्हणजे गाडी घेऊनही ट्रेनचं तिकीट आहेच. वर मोटरवेसाठी विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, ४० फ्रँक, आणि ते फक्त वर्षाचंच मिळतं, तुम्ही तीन दिवस असा की तीनशे. उलट स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ट्रेन, बस, बोटी, शहरातल्या ट्राम, शेकडो म्युझियम सगळं येतं आणि आई-वडिलांकडे पास असेल तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट प्रवास, म्हणजे तुमची दोन्ही मुलं फुकट. पाच जणांचं तिकीट महाग हे गणित इथे कोसळतं, तुम्हाला तिघांचेच पैसे भरायचेत. फक्त पास घेतला म्हणजे युंगफ्राउ पण फुकट असं समजू नका, तिथे पासवर वरच्या टप्प्याला २५ टक्के सूट आहे. रिगीचा डोंगर मात्र पासमध्ये पूर्ण येतो, आणि आईंच्या गुडघ्यांसाठी मी रिगीच सुचवेन, ल्युत्सर्नवरून बोट, पुढे दातेरी चाकांची ट्रेन, चढणं जवळजवळ नाही, आणि उंची कमी असल्यामुळे दम लागत नाही.

आता इटली, आणि इथे जरा थांबून नीट वाचा, कारण गाडीवाल्यांना सगळ्यात जास्त फटका इथेच बसतो. जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराचा मधला भाग झेडटीएल असतो, झोना अ ट्राफिको लिमितातो, म्हणजे तिथे रहिवासी आणि परवाना असलेल्यांच्याच गाड्या जाऊ शकतात. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, बोलोन्या, आणि छोट्या छोट्या गावांतसुद्धा. गेट नाही, पोलीस नाही, अडवणारं कोणी नाही. खांबावर पांढरा गोल, लाल कडा, खाली इटालियनमध्ये वेळा लिहिलेल्या आणि वर एक कॅमेरा. तुम्ही गुगल मॅप्स बघत आत गेलात की नंबर प्लेटचा फोटो निघाला. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर त्यावर ‘वार्को आत्तिवो’ असं असतं, म्हणजे निर्बंध चालू आहे, आत जायचं नाही, आणि ‘वार्को नॉन आत्तिवो’ म्हणजे आत्ता जाऊ शकता. बरेच जण आत्तिवो बघून रस्ता चालू आहे असं समजतात, अगदी उलटं आहे ते. आणि दंड दिवसाचा नसतो, प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोरून गेलात की वेगळा दंड, हॉटेल शोधत तीन चकरा मारल्या की तीन दंड, एकेक शंभर युरोच्या आसपास जातो. त्याच्या आधी गाडीची कंपनी पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवल्याची फी तुमच्या क्रेडिट कार्डवरून कापते, ती दंडाची रक्कम नव्हे, नुसती माहिती दिल्याची फी. खरी नोटीस घरी येते ती बऱ्याच महिन्यांनी, ट्रिपचे फोटोसुद्धा विसरलेले असतात तेव्हा. आली तर टाळू नका, मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर ३० टक्के कमी होतात.

हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर हॉटेल तुमचा गाडी नंबर पालिकेला कळवून तात्पुरती परवानगी घेऊ शकतं, पण ते आपोआप होत नाही, आपण मेल करून सांगावं लागतं, आणि कुठल्या रस्त्याने यायचं तेही विचारून घ्यावं लागतं. एअरबीएनबीवाल्यांवर ह्याबाबतीत भरवसा ठेवू नका, ‘हो हो या गाडी घेऊन’ म्हणतात आणि घर बरोबर झोनच्या मध्यात असतं. मिलानचा प्रकार अजून वेगळा, तिथे एरिया सी नावाचा भाग आहे, कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसातपर्यंत आत शिरायचे साडेसात युरो, आणि ते आपणहून ऑनलाइन भरायचे.

ह्याच्यासमोर इटलीच्या फास्ट ट्रेन बघा. व्हेनिस ते फ्लॉरेन्स दोन तासांच्या थोडं वर, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास, मिलान ते रोम साधारण तीन तास, जिथे गाडीने पावणेसहाशे किलोमीटर आणि सहा तास लागतात, टोल वेगळा. फ्रेच्चारोसा ही सरकारी कंपनीची आणि इतालो ही खासगी, दोघांची स्पर्धा असल्यामुळे तिकिटं आधी काढली तर फ्लॉरेन्स-रोमसाठी माणशी वीस-पंचवीस युरोच्या आसपासही मिळून जातात, ऐन वेळी काढाल तर दुपटीच्या पुढे. स्टेशनं गावाच्या मध्यात. फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन ते ड्युओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, पायी पंधरा मिनिटांच्या आत, व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉलच. गाडीने व्हेनिसला आलात तर पियाझ्झाले रोमा किंवा त्रोंकेत्तोला गाडी सोडून तिथून पुढे बोट किंवा पायीच, मग गाडीचा फायदा काय झाला सांगा.

छोट्या रिजनल ट्रेनचं तिकीट कागदी असेल तर प्लॅटफॉर्मवर चढायच्या आधी मशिनमध्ये ठप्पा मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मोबाइलवरचं तिकीट असेल तर त्यावर चेक-इन झालंय ना तेही बघून घ्या.

आता आईंचा प्रश्न, जो मला भावाच्या सगळ्या मुद्द्यांत खरा वाटतो. ट्रेनने जायचं म्हणजे बॅगा आपण उचलायच्या, आपल्यासारखे हमाल इथे मिळत नाहीत. इटलीच्या आणि फ्रान्सच्या बऱ्याच गाड्यांना प्लॅटफॉर्मवरून चढायला दोन-तीन पायऱ्या असतात, उंच. व्हेनिसमध्ये तर हॉटेलपर्यंत बहुतेक पुलांना पायऱ्या, चाकांची बॅग असून उपयोग नाही. म्हणून पहिली गोष्ट, पाच मोठ्या बॅगा नकोत. दोन मध्यम आणि बाकी पाठीवरच्या सॅक, मध्ये एकदा कपडे धुवायचे, जूनमध्ये जाड कपडे फक्त डोंगरासाठी लागतात. खाऊची बॅग घ्या जरूर, चिवडा-थेपले-मेतकूट, पण ती पहिल्या आठवड्यात रिकामी होईल अशी घ्या. दुसरी गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते: स्टेशनवर वयस्कर किंवा चालायला त्रास असणाऱ्यांना मदत फुकट मिळते, फक्त आधी कळवावं लागतं, साधारण एक दिवस आधी कळवलं की निवांत. इटलीत त्या सेवेला साला ब्लू म्हणतात, मोठ्या स्टेशनांवर त्यांचं ऑफिस असतं, व्हीलचेअर आणून डब्यापर्यंत नेतात आणि गरज असेल तर लिफ्टने गाडीत चढवतात. फ्रान्समध्येही अशीच सोय आहे. मागायला लाजू नका, हा इथे उपकार समजला जात नाही, प्रवाशाचा हक्क समजला जातो. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच लोकल गाड्या प्लॅटफॉर्मच्या पातळीला असतात, तिथे फारसं काही करावंच लागत नाही.

आणि गाडी घेतली म्हणून आईंचं चालणं कमी होत नाही, हे भावाला नक्की सांगा. झेडटीएलमुळे गाडी गावाबाहेर ठेवायची, मग तिथून आत चालत किंवा बसनेच यायचं. चालणं खरोखर कमी करायचं असेल तर पैसे हॉटेलच्या जागेवर घाला, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, लिफ्ट असलेलं (लिफ्ट आहे का हे लेखी विचारा, जुन्या इमारतीत अर्धा जिना चढून मग लिफ्ट सुरू होते असंही असतं), आणि स्टेशन ते हॉटेल टॅक्सी करा. इटलीत टॅक्सीला झेडटीएलमध्ये परवानगी असते, दारापर्यंत सोडते. पार्किंगच्या एका रात्रीच्या पैशात अशा दोन-तीन टॅक्सी होतात.

गाडी कुठे घ्यायची तर टस्कनीत, आणि तिथे मात्र मनापासून घ्या. पियेंझा, मोंताल्चिनो, मोंतेपुल्चानो आणि मधला वाल दोर्चाचा भाग, सरूची झाडं, वळणांचे पांढरे मातीचे रस्ते, हे ट्रेनने होत नाही. बस आहेत पण दिवसाला मोजक्या, रविवारी त्याहून कमी. इथे शेतावरच्या घरात राहायचं, आग्रितुरिस्मो म्हणतात त्याला, स्वयंपाकघर असतं, पार्किंग फुकट, समोरच, गाडी रात्री कुठे ठेवायची हा प्रश्नच संपला. मुलांना पळायला जागा, आईंना अंगणात खुर्ची टाकून बसायला. शाकाहारी असाल तर हे स्वयंपाकघर सोन्याच्या मोलाचं आहे, गावातल्या बाजारातून भाजी आणायची आणि वरण-भात लावायचा.

गाडी फ्लॉरेन्सच्या गावातल्या ऑफिसमधून घेऊ नका, त्यातली बरीच झेडटीएलला चिकटून आहेत आणि पहिल्या दहा मिनिटांतच अनोळखी गाडी, उजवीकडून चालणारा ट्रॅफिक आणि कॅमेरे असं सगळं एकदम अंगावर येतं. एअरपोर्टवरून घ्या, टी-२ ट्रामने स्टेशनजवळून वीसेक मिनिटांत पोचता, तिथून थेट हायवे. टस्कनीत तीन रात्री ठेवा, हवं तर व्हेनिसची एक रात्र कापा. सामान घेऊन व्हॅनच हवी असंही नाही, मोठ्या बॅगा कमी केल्यात तर स्टेशन वॅगन पुरते, पाचही जणांची. परत एअरपोर्टला सोडा आणि संध्याकाळच्या ट्रेनने रोम, किंवा वाटेत ज्या गावात ट्रेनचं स्टेशन आणि गाडी सोडायची सोय दोन्ही आहे तिथे सोडा, पण छोट्या गावातली ऑफिसं दुपारी बंद असतात आणि रविवारी बहुतेक पूर्ण दिवस, वेळ आधी बघून ठेवा.

गाडीसाठी लागणाऱ्या गोष्टी भरभर सांगते. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओमधून काढा, फी हजार रुपये, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्सही बरोबर हवंच. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं हवं, त्यावर डिपॉझिट अडकवतात, फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बऱ्याचदा घेत नाहीत आणि मग काउंटरवर उभं राहून काही करता येत नाही. इन्शुरन्समध्ये आपल्या खिशातून किती जाणार तो आकडा वाचा, शून्य करून घेणं पहिल्यांदा चालवणाऱ्याला परवडतं. ताब्यात घेताना चारी बाजूंचा, चाकांचा, काचेचा व्हिडिओ काढा. इटलीत १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर सीट सक्तीची आहे, तुमच्या धाकट्याला लागेल बहुतेक, आधीच बुक करा. पेट्रोल म्हणजे बेंझिना आणि डिझेल म्हणजे गासोलियो, पंपावर माणसाने भरून दिलं तर लिटरमागे जास्त पडतं, स्वतः भरायची रांग वेगळी असते. टोलला पिवळ्या टेलिपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) लेनमध्ये शिरू नका, आत येताना पावती घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे. मोटरवेवर १३०, पाऊस असेल तर ११०, आणि दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, कॅमेरा दिसला की ब्रेक मारून उपयोग नाही.

पार्किंगच्या रेषांचे रंग पाठ करा. इटलीत पांढरी म्हणजे सहसा फुकट, निळी म्हणजे पैसे, पिवळी म्हणजे राखीव, तिथे दोन मिनिटंही नाही. पांढऱ्या रेषेतही रस्ता धुण्याचा वार लिहिलेला बोर्ड बघा, पुलित्सिया स्त्रादे असं असतं त्यावर, त्या रात्री गाडी उचलून नेतात. काही ठिकाणी गाडी किती वाजता ठेवली ते दाखवणारी चकती काचेत लावावी लागते. सिएनाला गाडी तटाबाहेर ठेवा, सांता कातेरिनाच्या पार्किंगमधून सरकते जिने वर गावात नेतात, आईंसाठी हेच पार्किंग धरा. गाडीत बाहेरून दिसेल असं काहीही ठेवू नका, जॅकेटसुद्धा, आणि सामानासकट गाडी पार्क करून गाव बघायला जाऊ नका, आधी घरी सामान टाका मग फिरा.

हे वाचूनही कोणी आख्खी ट्रिप गाडीनेच करणार असेल, किंवा ज्यांची गाडी आधीच बुक आहे, त्यांनी शहराच्या कडेला गाडी ठेवून आत ट्रामने जायची सवय लावून घ्यावी. फ्लॉरेन्सला ए-वन मोटरवेवरूनच थेट आत जाता येतं असं व्हिल्ला कोस्तांझा पार्किंग आहे, तिथून टी-१ ट्राम सरळ स्टेशनपर्यंत. स्ट्रासबुर्गला कडेच्या पार्किंगच्या पैशातच गाडीतल्या सगळ्यांचं ट्रामचं तिकीट येतं, पाच जणांना तर फारच स्वस्त. व्हिएन्नात मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळं शहर कमी वेळाच्या पार्किंगचा झोन झालंय, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, एका वेळी जास्तीत जास्त दोन तास, तेव्हा मेट्रोच्या टोकाच्या पार्क अँड राइडलाच ठेवा. जर्मनीत बऱ्याच मोठ्या शहरांत कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर लागतो, तिथली भाड्याची गाडी असेल तर लावलेला असतो, दुसऱ्या देशातून आणलेली असेल तर तपासा, नसल्यास १०० युरो दंड. आणि फ्रान्समध्ये पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ वर आता टोलनाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत आपण ऑनलाइन पैसे भरायचे, नाका दिसला नाही म्हणून टोल नाही असं नसतं.

ट्रेनची वाईट बाजूही सांगायला हवी. संप होतात, इटलीत आणि फ्रान्समध्ये विशेष. पण ते आधी जाहीर होतात, इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रिजनल गाड्या चालवाव्याच लागतात आणि लांबच्या काही ठराविक गाड्यांची यादी असते. तारखा धरून ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) हा शब्द टाकून निघायच्या आठवड्यात एकदा शोधा. पोचायला तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांच्या वर गेला तर ५० टक्के परत मागता येतात, हा युरोपियन नियम आहे, तिकीट जपून ठेवा. स्वित्झर्लंडहून मिलानला उतरणाऱ्या मार्गावर उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात, त्यामुळे त्या दिवशी मिलाननंतरच्या व्हेनिसच्या ट्रेनला दोन तासांची तरी मोकळीक ठेवा, पंधरा मिनिटांचं कनेक्शन आईंना घेऊन करू नका. आणि चोऱ्या: स्टेशनवर तिकीट मशिनपाशी मदतीला पुढे येणारा अनोळखी माणूस नको, आणि ट्रेनमध्ये दारापाशी बॅगा ठेवल्या असतील तर प्रत्येक स्टेशनला मोठ्या मुलाला नजर ठेवायला सांगा, तेरा वर्षांच्या मुलाला हे काम आवडतं.

युरेल पास, म्हणजे बऱ्याच देशांच्या ट्रेनना चालणारा एकच पास, घ्यावा का असंही विचारतील लोक तुम्हाला. तुमच्या ट्रिपला नको. फ्रान्स आणि इटलीच्या फास्ट ट्रेनला पास असूनही सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे लागतात आणि तुमचे लांबचे प्रवास मोजकेच आहेत, सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतील. जर्मनी-ऑस्ट्रियात रोज नव्या गावी जाणाऱ्यांना पास उपयोगी पडतो, कारण तिथे बहुतेक गाड्यांना रिझर्व्हेशन सक्तीचं नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. व्हिसा आणि विमानाच्या तारखा नक्की झाल्या की आधी पॅरिस-बाझेल, कारण तिचे दर सगळ्यात जोरात चढतात, नंतर इटलीच्या तीन फास्ट ट्रेन, म्हणजे मिलान-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स-रोम. सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही, तेव्हा गाडी परत करून रोमला जाण्याचं तिकीट मात्र बदलता येणारं घ्या, रस्त्यात किती वेळ जाईल सांगता येत नाही. टस्कनीचं घर ट्रेनच्या बरोबरच धरा, जूनमध्ये चांगली घरं लवकर जातात. गाडी त्यानंतर, फुकट कॅन्सल होणारी. स्विस पासचे दर आयत्या वेळीही तेच असतात, तो शेवटच्या आठवड्यात घेतला तरी चालेल. साला ब्लूला मेल तिकिटं हातात आली की लगेच करून टाका, ट्रेन नंबर आणि डबा नंबर लिहून.